शेपचं चिन्ह उलटं, स्केल उणे, समरीत भलतंच: जीईव्ही मॉडेलचं आउटपुट वाचायचं कसं?

पावशेर

नमस्कार मंडळी. एम.टेक.चं दुसरं वर्ष, विषय जलविज्ञान. वार्षिक कमाल पावसाला जीईव्ही वितरण (टोकाच्या किमतींसाठीचं वितरण) बसवायचं काम आहे. गाइड म्हणाले, "स्वतःच्या डेटाला हात लावण्याआधी सगळ्यांना उत्तर माहीत असलेला डेटा घे आणि तेच उत्तर आणून दाखव." म्हणून पोर्ट पिरी घेतलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं बंदर, १९२३ ते १९८७ अशी ६५ वर्षं, दर वर्षीची समुद्राची कमाल पातळी मीटरमध्ये. आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेच्या बऱ्याच पॅकेजांत हा डेटा आयताच मिळतो.

आता रडगाणं ऐका.

आरच्या इस्मेव्ह पॅकेजमध्ये चालवलं. पडद्यावर आलं: कॉन्व्ह ०, एनएलएलएच −४.३३९, मग एमएलई (मॅक्सिमम लाइकलीहुड अंदाज) खाली तीन आकडे ३.८७५, ०.१९८, −०.०५० आणि एसई (स्टँडर्ड एरर) खाली आणखी तीन ०.०२८, ०.०२०, ०.०९८. कुठल्याच आकड्याला नाव नाही. कॉन्व्ह शून्य म्हणजे फसलं असं समजून मी अख्खी दुपार सुरुवातीच्या किमती बदलत बसलो. ऑब्जेक्टचं नाव टाइप केलं तर पासष्टच्या पासष्ट नोंदींसकट सगळं भसाभस बाहेर आलं. समरी मागितली तर लेंग्थ, क्लास, मोड असा तक्ता. मॉडेलबद्दल अवाक्षर नाही.

ईव्हीडी पॅकेजमध्ये तेच तीन आकडे आले, नावांसकट: लोकेशन (वितरणाची जागा), स्केल (पसारा), शेप (शेपटाचा आकार). पण तिथे डेव्हिअन्स −८.६७८. टेक्समेक्स पॅकेजमध्ये दुसरा आकडा −१.६२ च्या आसपास. स्केल उणे? रूममेटने पायथॉनमध्ये करून दाखवलं, तिथे शेप +०.०५०.

चार ठिकाणी चार तऱ्हा. यातलं खरं कोणतं, आणि प्रबंधाच्या तक्त्यात मी लिहू काय?

जुनाजाणता

वाखु (वाचनखूण) साठवली. खुर्ची ओढून बसतो.

खडूवाली

पावशेर, चारही बरोबर आहेत. एकच माणूस, घरी बंड्या, शाळेत बंडोपंत, एवढाच फरक.

कॉन्व्हपासून सुरू करते, कारण तुझी दुपार त्यात गेली. इस्मेव्ह आतून आरचंच ऑप्टिम (सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं फंक्शन) वापरतं आणि त्याचा परतीचा कोड जसाच्या तसा छापतं. ० म्हणजे सुखरूप पोहोचलो. १ म्हणजे ठरवून दिलेल्या फेऱ्या संपल्या तरी पोहोचलो नाही. १० म्हणजे नेल्डर-मीड पद्धतीतली आकृती चेपून सपाट झाली. शून्याला शुभ मानायची ही जुनी संगणकी रीत आहे, आपल्या परीक्षांसारखी नाही. ईव्हीडीने हेच शब्दांत छापलंय, "सक्सेसफुल" म्हणून. माझं मत विचारशील तर छपाईचं काम तेच. यंत्राचा कोड माणसाला उलगडून सांगायचा.

एनएलएलएच म्हणजे लॉग-लाइकलीहुडचा (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याच्या मापाचा) उणे. त्याची दुप्पट म्हणजे डेव्हिअन्स. −४.३३९ दुणे −८.६७८. झालं.

टेक्समेक्स स्केल छापत नाही, स्केलचा लॉग छापतं आणि त्याला फाय म्हणतं. ०.१९८ चा नैसर्गिक लॉग −१.६२. यात शहाणपण आहे. स्केल कायम धन असावं लागतं, लॉगवर काम केलं की ती अट आपोआप पाळली जाते, आणि मागाहून स्केल एखाद्या चलावर अवलंबून ठेवायचं असेल तर सोयीचं पडतं. शिवाय तिथे मुकाट्याने एक सौम्य प्रायर (मापकांबद्दलचा आधीच धरलेला अंदाज) लावलेला असतो, म्हणून शेवटच्या दशांशात फरक दिसला तर दचकू नकोस.

राहिलं शेपचं चिन्ह. ते पायथॉनवाल्यांकडून ऐक.

अजगरपाळ

हजर. पायथॉनच्या सायपाय लायब्ररीत जेनएक्स्ट्रीमचा (तिथल्या जीईव्हीचा) शेप म्हणजे तुमच्या क्सायचा (शेपसाठीच्या ग्रीक अक्षराचा) उणे. चुकून नाही, ठरवूनच. मदतपानावर चक्क लिहिलंय की बरीच सॉफ्टवेअर उलट चिन्ह वापरतात. ते पान किती जण उघडतात हा प्रश्न वेगळा. क्रमही वेगळा: आधी शेप, मग लोकेशन, मग स्केल. आणि फिट केल्यावर हातात येतात फक्त तीन आकडे. स्टँडर्ड एरर नाही, कन्व्हर्जन्सबद्दल शब्द नाही, छापील सारांश वगैरे चोचले तर नाहीतच. गरीब बिचारं ट्युपल. हवं ते स्वतः काढा.

मॅटलॅबमध्ये शेपला के म्हणतात, पण त्याचं चिन्ह इस्मेव्हच्या बाजूचं. अक्षर बघून चिन्ह ओळखू जाल तर फसाल.

धरणकाठ

निवृत्त माणूस आहे, लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आमच्या वेळी गम्बेल कागद असायचा. नोंदी चढत्या क्रमाने लावायच्या, कागदावर टिंबं मारायची, पट्टी ठेवून रेघ ओढायची. शेपची भानगडच नव्हती, कारण गम्बेल म्हणजे शेप शून्य. पुढे एल-मोमेंट (मापक काढायची दुसरी पद्धत) आले. त्या परंपरेत शेपला के म्हणतात आणि त्याचं चिन्ह तुमच्या उलट. वर कडी म्हणजे आरच्या एलमॉम पॅकेजमध्ये क्साय हे नाव चक्क लोकेशनला दिलंय. म्हणजे एका तक्त्यात क्साय ३.८७ आणि दुसऱ्यात क्साय −०.०५, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

एका कार्यालयात (नाव घेत नाही) माझ्यासमोर हे घडलंय. एकाने के = ०.०५ एवढंच टिपणात लिहिलं, दुसऱ्याने ते उचलून दुसऱ्या परंपरेच्या सूत्रात घातलं. तिसऱ्याने सही केली. पुढे ध्यानात आलं म्हणून निभावलं.

फरक किती पडतो तो पावशेरच्याच आकड्यांवर करून दाखवतो. शेप −०.०५० धरून १०० वर्षांची पातळी (सरासरी शंभर वर्षांतून एकदा ओलांडली जाणारी) येते ४.६९ मीटर. चिन्ह उलटं केलं की ४.९०. वीतभर फरक, २१ सेंटिमीटर. १००० वर्षांसाठी ५.०३ चे ५.५१ होतात. फरक ४८ सेंटिमीटर, म्हणजे हातभर. आणि पोर्ट पिरीचा शेप शून्याला चिकटलेला आहे. पावसाच्या डेटात तो याहून मोठा निघाला तर काय होईल ते तूच करून बघ.

शेप ऋण असेल तर वितरणाला वरचं टोक असतं. इथे ते ७.८ मीटरच्या आसपास येतं. चिन्ह फिरवलं की टोकच नाहीसं होतं, वरची बाजू मोकळी. म्हणजे चूक आकड्याची राहत नाही, निसर्गाबद्दलचं विधानच बदलतं.

पावशेर

काका, कॅल्क्युलेटरवर केलंत? आदर वाटतो.

धरणकाठ

सायंटिफिक कॅल्क्युलेटर, बॅटरी तिसऱ्यांदा बदललेली.

चांदणं

माझा बाळबोध प्रश्न. मी लिनिअर रिग्रेशनवाली. तिथे समरी मागितली की पी-व्हॅल्यू येते आणि शेजारी तारे येतात. ही पॅकेजं ते का देत नाहीत? एस्टिमेट भागिले एरर करून मीच तारे लावले तर?

खडूवाली

चांदणं, नाव शोभतं तुला. पण इथे तारे नकोत.

पी-व्हॅल्यू कोणत्या गृहीतकाची? रिग्रेशनमध्ये "गुणांक शून्य" याला अर्थ असतो. इथे "स्केल शून्य" म्हणजे दर वर्षी समुद्र मिलिमीटरचाही फरक न करता तेवढाच चढला. ६५ वेगवेगळे आकडे समोर ठेवून ते कोण तपासेल? लोकेशन शून्य हेही तसंच निरर्थक, बंदराचा शून्य कुठे खिळा ठोकून ठरवलाय त्यावर ते अवलंबून. या दोघांना तीन-तीन तारे हमखास मिळतील आणि त्यातून कळणार काहीच नाही.

शेप शून्य आहे का, हा मात्र खरा प्रश्न. −०.०५० भागिले ०.०९८ म्हणजे साधारण −०.५१. म्हणजे शून्य नाकारायला आधार नाही. पण याहून चांगला रस्ता म्हणजे गम्बेल वेगळं बसवून तुलना करणं. गम्बेलचा लॉग-लाइकलीहुड ४.२२, जीईव्हीचा ४.३४. दुप्पट फरक ०.२४, आणि काय-स्क्वेअरची पाच टक्क्यांची रेघ ३.८४ वर. जवळपाससुद्धा नाही.

धरणकाठ

म्हणजे माझा गम्बेल कागद जिंकला!

उत्तरसमुद्र

काका, एवढ्यात पेढे वाटू नका. :)

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे हा विषय पुस्तकी नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्र बांध फोडून आत आला आणि या देशात १८३६ माणसं गेली. त्यानंतर मध्य हॉलंडच्या बांधांसाठी १०,००० वर्षांतून एकदा येणाऱ्या पातळीचा निकष धरला गेला. हातात शंभरेक वर्षांच्या नोंदी आणि सांगायचं दहा हजारांचं. अशा वेळी "शून्य नाकारता आलं नाही" याचा अर्थ "शून्यच आहे" असा घेतला की शेपमधली सगळी अनिश्चितता एका फटक्यात पुसली जाते. गम्बेलचे इंटरव्हल (अनिश्चिततेचे पट्टे) अरुंद दिसतात ते आपल्याला जास्त माहिती आहे म्हणून नव्हे. एक प्रश्न आपण विचारायचाच सोडला म्हणून.

एआयसीही (मॉडेलांच्या तुलनेचा निर्देशांक, लहान तितका बरा) गम्बेलच्या बाजूने बोलेल: जीईव्ही −२.६८, गम्बेल −४.४४ च्या आसपास. एक्स्ट्रीम्स पॅकेज एआयसी-बीआयसी छापतंच, त्यामुळे लोक लहान आकडा उचलतात आणि घरी जातात. मी जीईव्हीच ठेवीन.

धरणकाठ

आणि तीस वर्षांच्या तुटपुंज्या नोंदी असतील तर? तेव्हा शेपचा अंदाज इतका डगमगतो की त्याच्यावर भिंत बांधण्यापेक्षा गम्बेल बरा. हे मी अनुभवाने सांगतोय.

उत्तरसमुद्र

डगमगतो हे मान्य. तर डगमगतो असं लिहा ना. लपवायचं कशाला?

खडूवाली

दोघांचं हे भांडण तुमच्या दोघांच्या जन्माआधीपासून चालू आहे, या धाग्यावर मिटायचं नाही. पावशेरच्या तक्त्याकडे वळूया.

उत्तरसमुद्र

तक्त्याबद्दलच सांगणार होतो. इथली सगळी छपाई मापकांशी थांबते. लोकेशन, स्केल, शेप, त्यांचे एरर. पण बंधाऱ्याच्या माणसाला शेप कळत नाही, त्याला पातळी हवी असते. ती वेगळी मागावी लागते.

आणि मागितली की दुसरा खड्डा. १०० वर्षांची पातळी ४.६९. स्टँडर्ड एररवरून काढलेला ९५ टक्के इंटरव्हल ४.३८ ते ५.००, दोन्हीकडे सारखा. प्रोफाइल लाइकलीहुडने (पातळीची एकेक किंमत धरून लाइकलीहुडचा वक्र काढून) काढला तर ४.५० ते ५.२७. खालची बाजू आखूड, वरची लांब. साहजिक आहे. खालच्या बाजूला डेटा धरून ठेवतो, वरच्या बाजूला कोणी धरणारं नाही. सारखा इंटरव्हल वरच्या बाजूला २७ सेंटिमीटर गिळतो, आणि बुडायचं झालं तर माणूस वरच्याच बाजूने बुडतो. एक्स्ट्रीम्समध्ये इंटरव्हल मागितला की न सांगता पहिलीच पद्धत मिळते. प्रोफाइल हवं तर तसं स्पष्ट मागावं लागतं, आणि वक्र बघून पट्टा बरोबर आलाय ना याची खात्री करावी लागते. कटकट आहे. करा.

कोडगा

आता थोडं माझ्या धंद्याचं. समरी मागितल्यावर लेंग्थ-क्लास-मोड का आलं ते कोणी सांगितलं नाही.

आरमध्ये प्रिंट आणि समरी ही नुसती दारं आहेत. ऑब्जेक्टच्या कपाळावर क्लासचं नाव असतं, त्या नावाचा माणूस आत असेल तर तो दार उघडतो. इस्मेव्हने ऑब्जेक्टला क्लासचं नाव दिलंय, पण त्या नावाची प्रिंट आणि समरी लिहिलेली नाही. मग आर आपला सरधोपट रखवालदार पाठवतो. त्याला दिसते एक यादी, तो यादीतले डबे मोजून सांगतो. सुरुवातीला जे चार डबे दिसले ते बसवणाऱ्या फंक्शनने जाता जाता छापले होते, ऑब्जेक्टची प्रिंट ती नव्हेच.

उपाय पाच मिनिटांचा आहे. त्या क्लासच्या नावाने स्वतःची प्रिंट लिही. माझी अशी आहे: पहिल्या ओळीत मॉडेल आणि नोंदींची संख्या, दुसऱ्या ओळीत कन्व्हर्जन्स शब्दांत, मग नावांसकट मापक आणि एरर, आणि सर्वांत खाली एक कायमची ओळ: "शेप धन म्हणजे जड शेपूट." (जड शेपूट म्हणजे फार मोठ्या किमतींची शक्यता जास्त.) ही ओळ असली की धरणकाठ काकांच्या कार्यालयातला प्रकार होत नाही.

दोन पथ्यं. प्रिंटमध्ये गणित करू नकोस. गणित समरीत, ती स्वतःच्या क्लासचं ऑब्जेक्ट परत देईल, आणि त्या ऑब्जेक्टची प्रिंट वेगळी. म्हणजे आकडे पडद्यावरून टिपून घ्यावे लागत नाहीत, हाताने उचलता येतात. दुसरं, प्रिंटने शेवटी तेच ऑब्जेक्ट गुपचूप परत द्यावं.

आणि टेक्समेक्सची समरी घेशील तर आधी सीड (यादृच्छिक आकड्यांची ठरलेली सुरुवात) लाव. ती क्यूक्यू प्लॉटच्या (नोंदी आणि मॉडेल यांची टिंबांनी तुलना करणाऱ्या आलेखाच्या) पट्ट्यासाठी सिम्युलेशन करते. आज छापलेला पट्टा उद्या किंचित हललेला दिसला की परीक्षक विचारतील.

अजगरपाळ

दशांश किती? आमचा एक मित्र ३.८७४७५ लिहितो. समुद्राची पातळी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.

कोडगा

बहुतेक पॅकेजं आरच्या सात अंकांतून तीन वजा करून चार छापतात. ते सोयीसाठी, सत्यासाठी नाही. मूळ नोंदी सेंटिमीटरपर्यंत आहेत, लोकेशनचा एररच जवळपास तीन सेंटिमीटर. ३.८७ पुरे. शेपला तीन दशांश चालतील. पण आतल्या गणितात पूर्ण आकडा वापर, गोल केलेला पुन्हा सूत्रात घालू नकोस.

मिठीकाठ

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. २६ जुलै २००५ ला मी कलिनाला होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. मी सांख्यिकीवाला नाही, पण विचारतो: सांताक्रूझच्या नोंदींना हे बसवलं तर त्या एका आकड्याचं ओझं छापलेल्या सारांशात कुठे दिसतं?

खडूवाली

कुठेच दिसत नाही. हा धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न.

तो एक आकडा शेपला धन दिशेने ओढेल, शेपचा एररही बदलेल, पण छापील तक्ता बघून कोणाला कळणार नाही की हे एका वर्षामुळे झालं. कळेल ते क्यूक्यू प्लॉटमध्ये, जिथे ते टिंब बाकीच्यांपासून दूर एकटं उभं असेल. आणि कळेल ते वर्ष काढून पुन्हा बसवल्यावर. काढून टाका असं म्हणत नाही हं. ते घडलंय, नोंद खरी आहे. पण दोन्ही निकाल शेजारी छापा. आणि कुलाब्याचं वेगळं बसवा. एकाच शहराचा एकच आकडा असतो हा भ्रम त्या दिवशीच वाहून गेला.

जाता जाता अजून एक. शेप −०.५ च्या खाली गेला तर स्टँडर्ड एररमागचं नेहमीचं गणितच लागू पडत नाही. सॉफ्टवेअर तरीही आकडा छापू शकतं. पावसात सहसा असं होत नाही, वाऱ्यात किंवा तापमानात शेप ऋण निघतो तेव्हा लक्ष ठेवा.

चांदणं

आणि पातळी काळाबरोबर वाढत असेल तर?

खडूवाली

मग लोकेशनमध्ये वर्ष घालायचं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलचं उदाहरण घे, १८९७ ते १९८९. वर्ष घातल्यावर लॉग-लाइकलीहुड ४३.६ वरून ४९.९ होतो, दुप्पट फरक १२.६, म्हणजे ३.८४ च्या कितीतरी पुढे. वाढ वर्षाला साधारण २ मिलिमीटर. इथे इस्मेव्ह तीनऐवजी चार बिननावी आकडे छापतं. क्रम: लोकेशनचा पाया, लोकेशनचा उतार, स्केल, शेप. सवयीने दुसरा आकडा स्केल म्हणून उचललास तर संपलं. आणि वर्ष १८९७, १८९८ असं कच्चं घालू नकोस, मध्य वजा करून लहान कर, नाहीतर ऑप्टिम अडखळतं.

पावशेर

सर्वांचे आभार. तक्ता असा केला: मॉडेल जीईव्ही, एमएलई, नोंदी ६५. लोकेशन ३.८७ (०.०३), स्केल ०.१९८ (०.०२०), शेप −०.०५० (०.०९८). खाली टीप, "शेप धन म्हणजे जड शेपूट." मग १० आणि १०० वर्षांच्या पातळ्या, प्रोफाइल इंटरव्हलसह. गम्बेलची तुलना एका ओळीत. तारे नाहीत.

गाइडना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि एकच विचारलं, "एकक?"

लिहिलंच नव्हतं.

मग कुतूहल म्हणून सगळं सेंटिमीटरमध्ये चालवलं. लोकेशन-स्केल शंभरपट झाले, शेप तोच. पण एनएलएलएच −४.३३९ चा एकदम २९४.९९७! मॉडेल बिघडलं का?

खडूवाली

नाही. ६५ गुणिले शंभराचा लॉग, २९९.३४. तेवढाच वाढलाय. मीटरवाल्या एआयसीची तुलना सेंटिमीटरवाल्याशी करू नकोस म्हणजे झालं.

धरणकाठ

कॅल्क्युलेटरवर पडताळलं. २९९.३३६.